भातातील प्रभावी आणि अप्रभावी गुण : घरच्या बियाण्यात लाल दाणा आणि उंच-बुटकी भेसळ कुठून येते?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत खरिपाचे भात गिरणीतून भरडून आणले की एक तक्रार हमखास ऐकू येते. पांढऱ्या तांदळात लाल दाणे दिसतात. गिरणीत जास्त पॉलिश केले तरी दाण्यावर लाल रेघा राहतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो. दुसरी तक्रार खाचरातली. निसवण्याच्या वेळी एकसारख्या उंचीच्या पिकातून मधूनच हातभर उंच झाडे डोके वर काढतात, किंवा उलट, उंच गावठी झिनीत गुडघ्याएवढी बुटकी झाडे निघतात. "बियाणे तर घरचेच होते, मग हे आले कुठून?" हा प्रश्न किन्हवली, डोळखांबपासून धसई, टोकावड्यापर्यंत सगळीकडे सारखाच आहे.

काही वेळा उत्तर सोपे असते. खळ्यावर, पोत्यात किंवा उसनवारीच्या बियाण्यात दुसरे भात मिसळलेले असते. पण खळे झाडून, पोती उलटी करून घेतल्यावरही भेसळ परत येत असेल तर कारण बियाण्याच्या आत आहे. ते समजण्यासाठी आनुवंशिकतेतील एकच गोष्ट नीट कळावी लागते : प्रभावी गुण म्हणजे काय आणि अप्रभावी गुण म्हणजे काय. ही गोष्ट आपण दहावीच्या विज्ञानात शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. बियाणे राखणाऱ्याला मात्र ती दरवर्षी उपयोगी पडते.

एका गुणाच्या दोन प्रती

भाताच्या प्रत्येक रोपात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत आईकडून, म्हणजे ज्या लोंबीत दाणा भरला तिच्याकडून येते. दुसरी बापाकडून, म्हणजे ज्याचा पराग पडला त्याच्याकडून येते. दोन्ही प्रती सारख्या असतील तर त्या रोपाला त्या गुणासाठी शुद्ध म्हणतात. पुस्तकात यालाच समयुग्मकी म्हटले आहे. दोन प्रती वेगवेगळ्या असतील तर ते रोप मिश्र, म्हणजेच विषमयुग्मकी.

मिश्र रोपात दोन प्रतींपैकी जिचा परिणाम डोळ्यांना दिसतो ती प्रभावी. जी असूनही दिसत नाही ती अप्रभावी. अप्रभावी प्रत नष्ट झालेली नसते, ती दडलेली असते आणि पुढच्या पिढीत जशीच्या तशी जाते.

असे का होते, हे समजायला विहिरीवरचे दोन पंप डोळ्यांसमोर आणावेत. दोन्ही चालू असतील तर शेताला पाणी मिळते. एक जळाला तरी दुसऱ्यावर काम निभावते आणि बांधावर उभ्या माणसाला फरक कळत नाही. दोन्ही जळाले तरच शेत कोरडे पडते. पुष्कळ जनुकांचे असेच असते. चालू प्रत एक असली तरी पुरते, म्हणून ती प्रभावी. बिघडलेल्या प्रती दोन्हीकडून आल्या तरच बिघाड दिसतो, म्हणून तो अप्रभावी. इथे "बिघाड" हा शब्द केवळ जनुकाच्या कामापुरता घ्यावा. शेतकऱ्याला कधी कधी हा बिघाडच हवा असतो. आपण खातो तो पांढरा तांदूळ हे त्याचेच उदाहरण आहे. पुढे ते येईलच.

हे गणित पहिल्यांदा मांडले ते ग्रेगोर मेंडेल यांनी, वाटाण्यावर. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधात गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा यांच्या संकरातील दुसऱ्या पिढीचे आकडे आहेत : ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. मिश्र रोपाचे स्वतःच्याच परागाने बी धरले की चार भागांत वाटणी होते. एक भाग प्रभावी गुणाचा शुद्ध, दोन भाग मिश्र आणि एक भाग अप्रभावी गुणाचा शुद्ध. पहिले तीन भाग बाहेरून सारखेच दिसतात. या वाक्यात बियाणे निवडणाऱ्याची अर्धी अडचण आहे.

जयाचा बुटकेपणा अप्रभावी आहे

"प्रभावी म्हणजे चांगला गुण" असा एक गैरसमज आहे. आमच्या प्रशिक्षण वर्गातही तो दर वेळी निघतो. भाताचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही.

१९६२ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी इंडोनेशियातील 'पेटा' ही उंच जात आणि तैवानमधील 'डी-जिओ-वू-जेन' ही बुटकी जात यांचा संकर केला. त्यातून १३० बिया मिळाल्या. पहिल्या पिढीतील सगळी रोपे उंच निघाली. बुटकेपणा गेला, असे कोणालाही वाटले असते. पण त्याच रोपांच्या बियांपासून दुसऱ्या पिढीत सुमारे दहा हजार झाडे वाढवली तेव्हा साधारण चौथा हिस्सा बुटका होता. त्यातूनच पुढे निवड होऊन १९६६ मध्ये आयआर-८ ही जात आली. आपल्याकडे १९६८ मध्ये प्रसारित झालेली 'जया' ही 'तायचुंग नेटिव्ह-१' आणि 'टी-१४१' यांच्या संकरातून आली. तायचुंग नेटिव्ह-१ मधला बुटकेपणा त्याच डी-जिओ-वू-जेनचा आहे.

हा बुटकेपणा येतो एका जनुकातील तुकडा गळाल्यामुळे. ते जनुक वाढीचे संप्रेरक, म्हणजे जिबरेलिन, तयार करण्याच्या कामात लागते. त्याची एक प्रत चालू असली तरी झाड उंच होते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर ताट आखूड आणि ताठ राहते, युरिया दिला तरी झाड लोळत नाही. भाताच्या हरितक्रांतीचा पाया अशा रीतीने एका अप्रभावी गुणावर उभा आहे.

आता या माहितीचा खाचरात उपयोग पाहू. जयाच्या किंवा कर्जतहून प्रसारित झालेल्या एखाद्या बुटक्या जातीच्या खाचरात उंच झाड दिसले तर ते दोनपैकी एका कारणाने. एकतर बियाण्यात उंच जातीचा दाणा मिसळला, किंवा मागच्या वर्षी शेजारच्या उंच भाताचा पराग पडून संकर झाला. दोन्ही बाबतीत ते झाड लपू शकत नाही, कारण उंची प्रभावी आहे. निसवण्याच्या वेळी खाचरात फिरून अशी झाडे मुळासकट उपटली की त्या वर्षीपुरते काम संपते. उंच गावठी झिनीत बुटका पराग पडला तर मात्र गोष्ट उलटी होते. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

लाल दाणा : चूक माझीही झाली होती

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याला मी सल्ला दिला होता की, बियाण्याचे भात थोडे थोडे सडून पाहा, लाल दाण्याचा भाग बाजूला काढा आणि पांढऱ्याचेच बियाणे ठेवा. त्यांनी घरच्या बायामाणसांना बसवून ते मनापासून केले. पुढच्या हंगामात तरीही लाल दाणे आले, पूर्वीपेक्षा कमी, पण आले. "साहेब, आम्ही काय कमी केलं?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. त्यांचे काही चुकले नव्हते, सल्ला अपुरा होता.

लाल रंग असतो तो तुसाच्या आत, तांदळाच्या बाहेरच्या पातळ आवरणात. भरडल्यावर हेच आवरण कोंडा म्हणून निघते. रानटी भातात हा रंग तयार करणारे जनुक चालू असते. पांढऱ्या जातींपैकी बहुतेकांत त्याच जनुकातील एक छोटा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे रंग तयार होत नाही. लाल प्रभावी, पांढरा अप्रभावी. हजारो वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी निवडलेला पांढरा तांदूळ हा असा दोन्ही पंप बंद असलेला तांदूळ आहे.

मुख्य मुद्दा पुढे आहे. हे आवरण दाण्यातल्या अंकुराचे नसते, ते आईच्या शरीराचा भाग असते. आंब्याची साल ज्या झाडाला आंबा लागला त्या झाडाची असते, आतल्या कोयीतून उगवणाऱ्या रोपाची नसते, तसेच हे आहे. म्हणून दाण्याचा रंग आईची जनुके सांगतो, त्या दाण्यातून उगवणाऱ्या रोपाची सांगत नाही. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली : पांढऱ्या भाताच्या लोंबीवर लाल भाताचा किंवा देवभाताचा पराग पडला तर त्या दाण्यात लाल प्रत आली, पण दाणा दिसायला पांढराच राहणार. आवरण पांढऱ्या आईचे आहे ना! असा दाणा कितीही निवडून पाहिला तरी सापडत नाही. तो पेरला, रोप मोठे झाले, लोंबी पक्व झाली की त्या रोपाचे सगळेच्या सगळे दाणे लाल निघतात. म्हणजे चूक एका वर्षी होते आणि दिसते पुढच्या वर्षी.

दुसरी : अशा मिश्र रोपाच्या लाल दाण्यांपैकी चौथा हिस्सा आतून शुद्ध पांढरा असतो. तो पेरला तर त्या रोपाला पांढरे दाणे येतात. लाल पेरून पांढरे आले म्हणून काही जण चकित होतात. तिथेही कारण हेच.

माझ्या सल्ल्यात कुठे चूक होती ते आता कळेल. दाणे निवडून मागच्या वर्षीची लाल झाडे बाद झाली, पण त्याच वर्षी झालेले नवे संकर पांढऱ्या दाण्यांत लपून राहिले.

भातात आपोआप होणारा संकर तसा कमी असतो, साधारण एक टक्क्याच्या आतच. फूल सकाळी उमलते, तासाभरात मिटते, पराग काही मिनिटांतच मरतो, आणि बहुतेक फुले स्वतःच्याच परागाने फळतात. म्हणूनच प्रमाणित बियाण्यासाठी भातात दोन जातींमध्ये फक्त ३ मीटर अंतर पुरेसे मानले आहे. तरीही खाचराला लागून तळ्याच्या, ओहोळाच्या काठी देवभात असेल तर दरवर्षी थोडा थोडा संकर होत राहतो. देवभाताचे दाणे पिकताच गळतात, कापणीआधीच मातीत पडतात आणि पुढच्या पावसात आपोआप उगवतात. दाणे गळणे, लांब कुसळ, लाल आवरण हे रानटी भाताचे गुण बहुतांशी प्रभावी किंवा प्रभावीकडे झुकणारे आहेत. म्हणून देवभाताशी झालेल्या संकराचे रोप पहिल्याच पिढीत बापासारखे दिसते. हे आपल्या फायद्याचेच आहे. कुसळ दिसले की लोंबी वाकवून पाहावी, आणि दाणे हाताला सहज सुटत असतील तर झाड कापणीची वाट न पाहता काढावे.

लाल भात "प्रभावी आहे म्हणून" शेत व्यापतो, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. प्रभावी असल्यामुळे कोणतीही प्रत आपोआप वाढत नाही. मिश्र रोपातून दोन्ही प्रती निम्म्या निम्म्याच पुढे जातात. लाल भेसळ वाढते ती दाणे गळून मातीत साठा होतो म्हणून, आणि आपण तेच बी पुन्हा पेरतो म्हणून.

लोंबी निवडून बियाणे कसे धरावे

लाल रंग आईच्या आवरणात असतो, यात एक सोयही आहे. एका झाडाचे सगळे दाणे एकाच रंगाचे असतात, त्यामुळे एक दाणा सोलून पाहिला तरी अख्ख्या झाडाचा निकाल लागतो. आणि पांढरा अप्रभावी असल्यामुळे पांढऱ्या दाण्याचे झाड त्या गुणासाठी शुद्धच असते, त्यात लाल प्रत लपलेली नसते.

कापणीपूर्वी, लोंब्या पिवळ्या झाल्यावर, खाचराच्या मधल्या भागातून १०० ते १५० चांगल्या लोंब्या निवडाव्यात. बांधालगतच्या दोन-तीन ओळी सोडाव्यात. एका झाडाची एकच लोंबी घ्यावी. निवडताना उंची, पिकण्याची वेळ, दाण्याचा आकार आणि तुसाचा रंग जातीला धरून आहे का ते पाहावे. प्रत्येक लोंबीचे एक-दोन दाणे नखाने सोलावेत. लाल किंवा तपकिरी निघाला तर ती लोंबी बाजूला. उरलेल्या एकत्र मळून, वाळवून, कापडी पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात. हे काम दोन माणसांचे, एका दुपारचे.

पुढच्या खरिपात या बियांचा एक गुंठ्याचा बीजप्लॉट करावा. २० बाय १५ सेंटीमीटर अंतरावर एका चुडात एकच रोप लावले तर गुंठ्यात सुमारे ३,३०० चूड बसतात, आणि त्यासाठी शंभर लोंब्यांचे बी पुरून उरते. एका चुडात एकच रोप हा आग्रह धरावा. चार रोपांच्या चुडात भेसळीचे झाड ओळखू येत नाही आणि आले तरी उपटताना चांगली रोपेही जातात. शक्य असेल तर हा प्लॉट अशा खाचरात घ्यावा जिथे मागच्या वर्षी लाल भेसळ नव्हती. रोपे राब भाजलेल्या जागेवर करावीत, भाजण्यामुळे वरच्या थरातील पडीक बी मरते.

या प्लॉटमध्ये जी थोडी लाल दाण्याची झाडे निघतील ती आदल्या वर्षीच्या लपलेल्या संकराची. ती पक्वतेच्या वेळी शोधावी लागतात. ३,३०० चूड एकेक करून सोलणे कोणाला जमत नाही, म्हणून आधी उंची, कुसळ, निसवण्याचा दिवस यांवरून वेगळी दिसणारी झाडे काढावीत आणि मग ज्यांच्यावर शंका आहे त्यांचाच दाणा सोलावा. गुंठ्यातून ३० किलोच्या आसपास भात मिळाले तरी एकरी १६ किलोप्रमाणे जवळजवळ दोन एकरांचे बियाणे होते. आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांची भातशेती त्याच्या आसपासच असते.

मिठाच्या पाण्याची प्रक्रिया (३ टक्के) जरूर करावी, पण तिच्याकडून वेगळीच अपेक्षा ठेवू नये. ती पोचट आणि रोगट दाणे वर काढते. भरलेला लाल दाणा भरलेल्या पांढऱ्या दाण्याइतकाच तळाला जातो.

उंच झिनीत लपलेला बुटका

आता उलटी बाजू. गावठी झिनी उंच. तिच्या एका फुलावर शेजारच्या जयाचा पराग पडला. पुढच्या वर्षी त्या दाण्याचे रोप उंचच होणार, कारण उंची प्रभावी. निसवण्याच्या दिवसात किंवा दाण्याच्या जाडीत थोडा फरक दिसेल, पण तीन हजार चुडांत तो नजरेला येईलच असे नाही. त्या झाडाचे दाणे बियाण्यात जातात आणि तिसऱ्या वर्षी त्यांच्यापैकी चौथा हिस्सा बुटका निघतो. शेतकरी म्हणतो, "जया तर दोन वर्षांपूर्वीच बंद केली." खरेच आहे. संकर तेव्हाचाच आहे.

बुटकी झाडे उपटून टाकली तरी उरलेल्या उंच झाडांपैकी तीनात दोन मिश्र असतात. भात स्वतःच्याच परागाने फळत असल्यामुळे दरवर्षी मिश्र झाडे कमी होत जातात. पहिल्या फुटीत बुटकी चौथा हिस्सा, ती काढली तर पुढच्या वर्षी त्या वंशातील सहावा हिस्सा, मग दहावा, मग अठरावा. उतरण आहे, पण एका वर्षात निकाल लागत नाही. प्रभावी भेसळ आणि अप्रभावी भेसळ यांतला व्यवहारातला फरक असा आहे : पहिली दिसते आणि एका फेरीत निघते, दुसरी तीन-चार वर्षे पाठ सोडत नाही.

ती लवकर संपवायची असेल तर एका लोंबीची एक ओळ लावावी. वीस-पंचवीस निवडक लोंब्यांचे बी वेगवेगळे ठेवून प्रत्येकीची २० रोपांची स्वतंत्र ओळ करावी. ज्या ओळीत एक जरी बुटके झाड निघाले, त्या ओळीची आई मिश्र होती असे समजून पूर्ण ओळ बाद करावी, उंच झाडांसह. इथे हात आखडतो, कारण त्याच ओळीत सुरेख लोंब्या असतात. पण त्या ठेवल्या तर ओळ लावण्याचा अर्थच राहत नाही. वीसच्या वीस झाडे उंच असतील तर आई शुद्ध असल्याची जवळजवळ खात्री आहे. मिश्र आईची वीसही पिल्ले उंच निघण्याची शक्यता हजारात तीनच असते. दहाच रोपे लावली तर हीच शक्यता शंभरात पाच-सहा होते, म्हणून ओळ फार आखूड ठेवू नये.

जुन्या वाणांचे बियाणे जपणाऱ्या गटांनी ही पद्धत आवर्जून वापरावी. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांचा वाण नोंदवता येतो, पण तो इतरांपासून वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचे दाखवावे लागते. झिनीत बुटकी झाडे फुटत असतील तर तिथेच अडते.

हायब्रीडचे भात राखून का पेरू नये

बियाण्याची पिशवी महाग, म्हणून मागच्या वर्षीचे हायब्रीडचेच भात पेरले, असे दरवर्षी कुठे ना कुठे घडते. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला 'सह्याद्री' हा संकरित भात १९९८ मध्ये प्रसारित झाला आणि त्यानंतर याच नावाच्या मालिकेतील पुढचे संकर आले. खासगी कंपन्यांचेही अनेक आहेत. हायब्रीडचे प्रत्येक रोप असंख्य गुणांसाठी मिश्र असते, आणि सगळी रोपे एकाच प्रकारे मिश्र असतात. म्हणून पहिल्या वर्षी पीक एकसारखे दिसते. त्याचे बी पेरले की प्रत्येक गुण आपापल्या परीने फुटतो. कोणी लवकर निसवते, कोणी उशिरा, कोणी उंच, कोणी आखूड.

संकरित भातात याच्याही पुढचे एक संकट आहे. या बियाण्याची आई मुळात नरवंध्य असते, तिचा पराग मेलेला असतो. हा दोष तिच्या पेशीद्रव्यात असतो आणि पेशीद्रव्य पिढ्यान्‌पिढ्या आईकडूनच येते. बाप असा निवडलेला असतो की त्याच्याकडे हा दोष झाकणारी प्रभावी जनुके असतात. एक प्रत मिळाली तरी पराग पुन्हा जिवंत होतो, म्हणूनच तुमच्या खाचरातल्या हायब्रीडला दाणे भरतात. तेच भात पुन्हा पेरले की पेशीद्रव्यातला दोष सगळ्या रोपांत जातो, पण झाकणारी जनुके सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. ज्यांना ती मिळत नाहीत त्यांची लोंबी बाहेर पडते, उभी राहते आणि पोचट राहते. काही झाडांत दाणे अर्धवट भरतात. असे खाचर पाहून लोक खोडकिडा म्हणतात, वारा लागला म्हणतात, औषध मागतात. पांढऱ्या लोंबीचे ताट ओढून पाहावे. खोडकिड्याची लोंबी सहज उपसून येते आणि बुंध्याशी कुरतडल्याची खूण असते. वंध्य झाडाची लोंबी हिरवी, घट्ट आणि रिकामी असते. त्यावर फवारणीचा काहीही उपयोग नाही.

भेंडी, काकडी, मिरचीच्या हायब्रीडलाही पहिला नियम लागू आहे. भेंडीत तर मधमाश्या आणि इतर कीटकांमुळे शेजारच्या प्लॉटचा परागही बऱ्यापैकी येतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षीचा माल आकाराने, शिरांनी आणि रंगाने विस्कळित होतो. निर्यातीच्या प्रतवारीत तो बसत नाही.

रोगप्रतिकार : दोन्ही प्रकारची जनुके कामाची

कडा करपा या जिवाणूजन्य रोगाला तोंड देणारी भाताची अनेक जनुके शोधली गेली आहेत. त्यांची नावे लिहिताना प्रभावी जनुकाचे पहिले अक्षर मोठे आणि अप्रभावीचे लहान लिहितात. माहितीपत्रकात 'एक्सए-२१' मोठ्या अक्षराने आणि 'एक्सए-१३', 'एक्सए-५' लहान अक्षराने दिसतात, त्याचा अर्थ इतकाच. एक्सए-२१ हे रानटी भातातून आलेले. ते जिवाणूची चाहूल घेणारे प्रथिन तयार करते आणि पहारेकरी एक असला तरी पुरतो, म्हणून ते प्रभावी. उरलेल्या दोघांचे काम निराळे आहे. जिवाणू झाडाच्याच एखाद्या प्रथिनाचा फायदा घेऊन आत शिरतो. ते प्रथिन दोन्ही प्रतींत बदललेले असेल तरच त्याची वाट बंद होते. एक दार लावून दुसरे उघडे ठेवण्यासारखे चालत नाही, म्हणून ती अप्रभावी. हैदराबाद येथे विकसित केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसारित झालेल्या 'सुधारित सांबा मसुरी'त ही तिन्ही जनुके एकत्र आणली आहेत.

कृषी सहायकांना यातून एक गोष्ट लक्षात ठेवता येईल. अप्रभावी जनुकावर आधारलेली प्रतिकारशक्ती परपराग पडलेल्या रोपात पहिल्याच पिढीत गायब होते. म्हणून प्रतिकारक जातीचे बियाणे घरी राखताना भेसळ काढण्यात ढिलाई झाली तर एकेका झाडावर रोग दिसू लागतो. असे तुरळक रोगट झाड दिसले की लगेच "जात पडली" असे ठरवण्याआधी ते झाड जातीचेच आहे का, हे तपासावे.

जिथे हा नियम असा सरळ चालत नाही

प्रत्येक गुणात एक प्रत दुसरीला पूर्ण झाकतेच असे नाही. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकराला गुलाबी फुले येतात, ही अपूर्ण प्रभाविता. भाताच्या लाल रंगातही दुसरे एक जनुक मदतीला लागते. ते बिघडलेले असेल तर दाणा लाल न होता तपकिरी होतो, आणि दोन्ही जनुके एकाच वेळी फुटत असली तर सोळा भागांत नऊ लाल, तीन तपकिरी आणि चार पांढरे असे प्रमाण पडते. म्हणूनच वर सोलून पाहताना तपकिरी दाण्याची लोंबीही बाजूला काढायला सांगितले आहे. उत्पादन, दाण्याचे वजन, पाण्याचा ताण सहन करणे हे गुण तर अनेक जनुकांवर आणि जमिनीवर, खतावर, पावसावर अवलंबून असतात. त्यांना प्रभावी-अप्रभावी अशी चिठ्ठी लावता येत नाही. एका वर्षी एका कोपऱ्यात भरलेली जोरदार लोंबी ही बांधाकाठच्या शेणखताचीही असू शकते.

मक्यात हिशेब आणखी वेगळा आहे. मक्याच्या दाण्यातला पिठाचा भाग आई-बाप दोघांपासून तयार होतो, त्यामुळे परागाचा परिणाम त्याच वर्षी, त्याच कणसात दिसतो. गोड मक्याचा गोडवा अप्रभावी आहे. शेजारी साधा मका एकाच वेळी फुलोऱ्यात असला तर गोड मक्याच्या कणसात फुगीर, पिठूळ दाणे मधूनमधून भरतात आणि माल परत येतो. भाताला ३ मीटर पुरतात, मक्याचा पराग वाऱ्यावर शेकडो मीटर जातो. गोड मका लावायचा असेल तर आधी शेजाऱ्याला त्याची पेरणीची तारीख विचारावी, आणि अंतर ठेवणे शक्य नसेल तर दोन्हींच्या फुलोऱ्यात किमान तीन आठवड्यांचा फरक पडेल अशी पेरणी करावी.